इंजेक्टरचं माप

आमचे धाकटे दीर थापा मारतात असं मी म्हणणार नाही. ते फक्त आकडे वाढवतात. पवनेत दोन किलोचा मासा गावला, तर चौकात पोचेपर्यंत तो पाच किलोचा होतो. धरणाकाठच्या त्यांच्या तंबूंवर वीस पाहुणे आले, तर ऐकणाऱ्याला वाटावं अर्धी मुंबई उतरली. मी त्यांची थोरली भावजय. ते मला वैनी म्हणतात, मी त्यांना भावजी. चेष्टेचा हक्क दोघांनाही आहे आणि मी तो भरपूर वापरते.

आमच्याकडे पावसाळ्यात चिखलातून टेकडीवर जीप चढवायच्या स्पर्धा होतात. भावजींनी त्यासाठी एक जुनी उघडी जीप तयार केली. तिच्यात अपघातातल्या एका मोटारीचं टर्बोवालं पेट्रोल इंजिन बसवलं. दोन वर्षं त्यांचे हात काळेच होते. आणि जीप होत आली तेव्हा ते तंबूच्या खड्ड्यात पाय जाऊन पडले, डावा गुडघा कामातून गेला. क्लच दाबता येईना. तेव्हा ते मला म्हणाले, "वैनी, आता तुमीच चालवायची."

मी पवनानगर ते कामशेत भाड्याने माणसं नेणारी वडापची जीप चालवायचे. खच्चून भरलेली, मागं लोंबकळणारी माणसं धरून. बायका मागच्या सीटवर शोभतात असं म्हणणाऱ्यांनाही मी मागच्या सीटवर बसवून नेलं आहे. त्यामुळे मी लगेच हो म्हटलं. घरात कुरकूर झाली, ती मी ऐकून घेतली नाही.

इंजिनाची ताकद वाढवली की त्याला पेट्रोलही जास्त लागतं. प्रत्येक सिलिंडरला पेट्रोलचा फवारा देणारी एक बारीक तोटी असते, तिला इंजेक्टर म्हणतात. जुने इंजेक्टर पुरे पडेनात, म्हणून आम्ही लोणावळ्याच्या मेस्त्रीकडे निघालो. आम्ही म्हणजे भावजी, मी, आणि चौकातली चार माणसं. त्यांचं काही काम नव्हतं. जीप लोणावळ्याला चालली आहे म्हटल्यावर ती चढून बसली, येताना चिक्की घेऊ म्हणाली.

मेस्त्री शांत माणूस. त्याने आधी एकच प्रश्न विचारला, "हॉर्सपॉवर किती आहे?"

"चारशे," भावजी म्हणाले. मागच्या चौघांनी माना डोलवल्या. चौकात हा आकडा आधी अडीचशे होता, मग तीनशे झाला, गणपतीपर्यंत चारशेवर गेला होता.

"मोजलीये का? की अंदाज?"

"मोजली की. मशिनवर घातलीती."

मेस्त्रीने मग नीट समजावलं. इंजेक्टर लहान पडला, तर भर वेगात पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन वितळतो. म्हणून थोडी जागा राखून माप घ्यायचं. इंजेक्टर पूर्ण जोरात असतानाही त्याला शंभरातले वीस भाग वेळ बंद राहायला मिळाला पाहिजे. पण उगाच मोठाही घेऊ नये. मोठी तोटी थेंब थेंब सोडू शकत नाही. गाडी हळू चालवताना ती कधी जास्त ओतते, कधी कमी, आणि इंजिन गचके देऊन बंद पडतं. "म्हणून आकडा खरा पाहिजे," तो म्हणाला. "माप त्याच्यावरच निघतं."

"चारशेच धरा," भावजी म्हणाले. "आन वर आजून थोडं. भाताला पानी जास्त झालं तर बांध फोडून देता येतंय, कमी पडलं तर पीकच जातंय." चौघांना हे एकदम पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं. मेस्त्रीने हजाराच्या मापाचे, म्हणजे मिनिटाला हजार मिलिलिटर पेट्रोल सोडू शकणारे इंजेक्टर काढून दिले. ते बसवले, सेटिंग केलं, आणि आम्ही चिक्की खात घरी आलो.

सरावाला आम्ही धरणाच्या वरचा चढ निवडला. तिथे दगड आहेत, त्यामुळे जीप मुंगीच्या चालीने न्यावी लागते. जोरात पळवली की ती पळे, पण मुंगीची चाल तिला जमेना. पेट्रोलचा वास डोक्यात जात होता. अर्ध्या चढावर तिने दोन गचके दिले आणि ती बंद पडली. इंजिन बंद पडलं की ब्रेक दगडासारखा कडक होतो. मी दोन्ही पायांनी दाबला, तरी जीप मागे सरकत राहिली. मागे चढ संपला की पाणी. करवंदीच्या एका दाट जाळीत मागची चाकं अडकली म्हणून मी आज हे लिहिते आहे. मी खाली उतरले. भावजी काठी टाकून लंगडत माझ्याकडे आले.

गावात बातमी माझ्या आधी पोचली. दुसऱ्या दिवशी मी चौकातल्या गिरणीत दळण टाकायला गेले. शेजारी चहाच्या टपरीवर तेच चौघे आणि आणखी पाचसहा जण बसले होते. भावजीही होते.

"इंजिन चारशेचं, लय भारी. पन चढावर क्लच धरायला बाप्यामाणूस लागतो," एक जण म्हणाला.

"व्हय. बाईमाणूस घाबरलं, पाय सुटला," दुसरा म्हणाला. "आता दुसरा डायवर बघा."

माझं डोकं सणकलं. वडापच्या जीपमध्ये याच माणसांना मी भर पावसात घरी सोडलं होतं. मी दळणाचा डबा खाली ठेवला, पदर खोचला आणि टपरीकडे निघाले. काय बोलणार होते ते आता लिहिण्यासारखं नाही. पण मी पोचायच्या आत भावजी काठीवर जोर देऊन उभे राहिले.

"वैनीचा पाय न्हाई सुटला," ते म्हणाले. "जीप म्या बंद पाडली. मशिनवर ती दोनशे ऐंशी भरलीती. चारशे म्या माज्या तोंडानं केली. मेस्तरीनं इचारलं तवा तुमी चौघं मागं हुभे व्हता, म्हनून खरं बोलवंना. त्यानं चारशेच्या हिशोबानं इंजेक्टर दिलं. वैनी पान्यात गेली असती, तर ह्यो आकडा घिऊन म्या कुटं गेलो असतो?"

मग कोपऱ्यातल्या एका आबांनी विचारलं, "मंग येकशे ईस घोडं गेलं कुटं?"

"माज्या तोंडात व्हतं," भावजी म्हणाले.

सगळे खो खो हसले. मी हसले नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायला मी परत गिरणीत गेले. आयुष्यात बऱ्याच जणांनी मला सांभाळून घेतलं, पण माझ्यासाठी चारचौघांत स्वतःला लहान करून घेणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्यांचं हे ऋण मी मानते.

लोणावळ्याला मग आम्ही दोघंच गेलो. भावजींनी मेस्त्रीला खरा आकडा सांगितला. त्याने दोनशे ऐंशीवरून हिशोब केला आणि साडेपाचशेच्या मापाचे इंजेक्टर बसवून दिले. इंजिन सुरू झालं आणि एका सुरात चालत राहिलं. भावजी बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे होते.

स्पर्धेत मला नंबर मिळाला नाही. पण तो दगडांचा चढ जीप एकदाही न अडखळता, मी म्हणेन त्या चालीने वर गेली. मला घाई नव्हती आणि तिलाही नव्हती.

तेव्हापासून पवनानगरच्या चौकात भावजींना सगळे "दोनशे ऐंशी" म्हणतात. पोरंटोरंसुद्धा. ते लांबून ओ देतात, हसतात, कधी चिडत नाहीत. मी त्यांची मिशी, पोट, स्वयंपाक, सगळ्यावरून चेष्टा करते. पण त्या नावाने मी त्यांना अजून एकदाही हाक मारलेली नाही.