घरात ज्वारी नाही

माझ्या तोंडापायी एक माणूस अर्धपोटी राहिला, तोही समुद्रापलीकडे. कसा, ते सांगते. हसा, पण जरा हळू हसा.

लढाईचे दिवस. आष्ट्यात पिठाच्या गिरणीवर मी दळण घेऊन उभी. पुढे दोघी बोलत होत्या, "त्या नव्या बाई घरोघर फिरून घरात काय काय हाय ते लिवून घेणार, आन् यादी कचेरीत..." तेवढ्यात गिरणी सुरू झाली आणि पुढचं सगळं घरघरीत बुडालं.

राहिलेलं वाक्य पुरं करायला मला कुणाची मदत लागते होय? सरकार तेव्हा लेव्हीचं धान्य घरोघरून सक्तीनं वसूल करत होतं. घरी पोचेपर्यंत मी सगळ्या गल्लीला बजावलं, बाईंनी विचारलं की घरात काही नाही म्हणायचं. चार घरची ज्वारी त्याच दुपारी वैरणीखाली गेली.

बाई आल्या. सांगलीला शिकलेल्या, वयानं लहानच. देवळात दुपारी बायकांचा वर्ग काढणार होत्या. तयार पुस्तकात गलबत नि शहामृग. ते इथं कुणी बघितलंय? म्हणून बायकांच्या घरातल्या वस्तू, बायकांच्याच तोंडची वाक्यं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून धडे करायचे, असा त्यांचा बेत. हे मला कळलं मागाहून. मी पढवल्याप्रमाणे बायकांनी सांगितलं, बाईंनी इमानानं लिहिलं. घरात ज्वारी नाही. घरात गूळ नाही. घरात तेल नाही.

पुठ्ठे देवळात टांगलेले बघितले तेव्हाच मी बोलायला हवं होतं. नाही बोलले. लाज वाटली.

शेजारची हौसा वर्गाला पहिल्या दिवसापासून. नवरा पलटणीत, आघाडीवर. त्याची पत्रं चौथी पास म्हणून मीच वाचून दाखवायची, आणि खरं सांगायचं तर एकदा वाचलेलं पत्र माझ्याकडून गल्लीत आणखी दोनतीनदा वाचलं जायचं. म्हणून तर तिला आपल्या डोळ्यांनी वाचायचं होतं, आपल्या हातानं लिहायचं होतं.

तीन महिन्यांनी तिनं पहिलं पत्र लिहिलं, मला न दाखवता. आपलं अक्षर बघून नवरा खूश होईल, एवढाच विचार. धड्यातली वाक्यं सुबक उतरवली आणि पत्र टाकलं टपालपेटीत.

उत्तर आलं. ओट्यावर बसून, बोट फिरवत तिनं एकटीनं वाचलं. मग माझ्या दारात आली.

"काकू, त्यांनी येक येळचं जेवान सोडलंय. घरात ज्वारी न्हाई म्हणून."

"अगं, मग लिही ना, आहे म्हणून!"

"'आहे' अजून शिकवलं न्हाई."

तशीच उठून मी बाईंकडे गेले नि सगळं कबूल केलं. बाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी लगेच नवा पुठ्ठा लिहिला, हौसानं तो चारदा गिरवून पत्र धाडलं. पत्र पोचायला महिना लागायचा. तो महिना माझ्या घशाखाली भाकरी नीट उतरली नाही. पण दोन्ही वेळ उतरली, हेही खरं.

"आणि ती कचेरीतली यादी?" कबुली देऊन बाईंकडून निघताना, त्याच दिवशी, मी विचारलंच.

"उद्या जायचीय, काकू. पण ती बायकांच्या नावांची, लिहायच्या पाट्या मागायला. यादीच्या शेवटी, माझ्याबरोबर दुसरी शिकवणारी म्हणून, तुमचं नाव घातलंय. राहू दे का खोडू?"

आयुष्यात मला कुणी इतकं सरळ विचारलं नव्हतं. 'राहू दे' तोंडात येत होतं, तरी मी म्हटलं, "आधी गल्लीला खरं सांगून येते, मग विचारा."