गोपाळीचा वास

डोळे मिटायला सांगून डॉक्टरांनी माझ्या नाकाखाली एकेक बाटली धरली. कापूर, लवंगतेल, हिंग. मी प्रत्येकीला "पाणी" म्हटलं. तेव्हा ते म्हणाले, "बाई, याला अ‍ॅनॉस्मिया म्हणतात. फ्लूनं वासाची नस दुखावली आहे. परत येईलच, असं खोटं सांगणार नाही."

अ‍ॅनॉस्मिया म्हणजे वासच न येणं. मला आधीच कळायला हवं होतं. फोडणी जळून कोळसा झाली, शेजारच्या वहिनी धावत आल्या, आणि मी चुलीशेजारी ढिम्म बसलेली!

कुणी म्हणेल, नाक गेलं तर एवढं काय? अहो, मी लष्कर शहरातल्या मुलींच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. आमची रीत एकच: पान चोळा, हुंगा, नाव सांगा. तुळस-पुदिन्याच्या कुळात तर नाक हाच गुरू. त्यात मध्य भारत नुकताच नव्या मध्य प्रदेशात विलीन झालेला. आम्हा हंगामी मास्तरणींना कायम करायचं की घरी पाठवायचं, ते ठरवायला भोपाळहून साहेब येणार होते.

दवाखान्याच्या बाकावर मनसोक्त रडले. मग उठले आणि शहराजवळच्या किल्ल्याच्या पायथ्याशी तुळशीच्याच कुळातली गोपाळी शोधायला गेले. ही रानटी, बहुवर्षायू. पडक्या भिंतीकडेला, नाल्याकाठी, कुणी न लावता वाढते. उन्हाळ्यात वरचं वाळलं तरी बुडखा जिवंत राहतो. खोड बोटांत फिरवलं, तर चार धारा लागल्या. पानं समोरासमोर, वरची जोडी खालचीला आडवी. जांभळट फूल दोन ओठांचं, त्याच्या पेल्यात चार बिया. इतकी वर्षं मी हिला नुसती हुंगून सोडून देत होते!

पुढे वर्ग तपासायला आलेल्या साहेबांनी नेमकी तिचीच डहाळी पुढे केली. सवयीनं मी पान चोळून नाकाशी नेलंच. मेलं नाक!

"वास कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"मला वास येत नाही, साहेब. पण ही गोपाळी आहे. कशावरून, ते सांगते."

आणि घंटा होईपर्यंत सांगत राहिले. मला कायम केलं.

नाक काही परतलं नाही. तुमचंही असं काही गेलं असेल, तर वाट जरूर पाहा, पण हातावर हात ठेवून बसू नका. खोटी आशा न लावणाऱ्या त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरत नाही.

आता माझ्या वर्गात आधी खोड, मग पान, फूल. हुंगणं शेवटी, आणि तेही मुलींनी.

"बहनजी, कपूर जैसी है, थोड़ी कड़वी," एखादी सांगते.

मी डोळे मिटून ऐकते. तेवढ्यापुरता मला वास येतो.