करून पाहा आणि कळवा

मीरा-भाईंदरमध्ये आज ज्यांना ज्यांना मोबाइलवर मराठी लिहिता येतं, त्यांतल्या अर्ध्या लोकांना ते माझ्या आत्तेसासूबाईंनी शिकवलेलं आहे. आणि उरलेल्यांनी, त्या शिकवायला येऊ नयेत म्हणून, घाईघाईनं स्वतःच शिकून घेतलेलं आहे. माझ्या नवऱ्याच्या या धाकट्या आत्या. लग्न केलं नाही. मुंबईत एका सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून लागल्या, तिथूनच निवृत्त झाल्या आणि गिरगावातली खोली सोडून बेव्हर्ली पार्कला, आमच्या मागच्याच बिल्डिंगमध्ये राहायला आल्या. कचेरीत टाइपरायटर जाऊन संगणक आले तेव्हा म्हणे बाकीच्या बायकांनी भीतीनं रजा टाकल्या होत्या. आत्यांनी संगणकावरचं मळकं आवरण घरी नेऊन धुऊन, इस्त्री करून आणलं. तिथपासून त्यांचं आणि त्या यंत्राचं जे जमलं ते कायमचं. सवय मात्र टाइपरायटरचीच राहिली. अक्षरं त्या दाबत नसत, ठोकत. त्यांच्या कीबोर्डवरची अक्षरं वर्षभरात पुसली जात आणि ओळ संपली की त्यांचा डावा हात, तिथे नसलेली दांडी सरकवायला, आपोआप हवेत उठे. आमचा मुलगा लहान असताना तो हात पाहून टाटा करायचा.

रोज सकाळी पावणेसात वाजता घरच्या ग्रुपवर आत्यांची ‘आजची युक्ती’ येई. वर क्रमांक, खाली तीन पायऱ्या, आणि शेवटी एक ठरलेलं वाक्य : ‘करून पाहा आणि कळवा.’ चुकून बंद केलेलं पान परत उघडायचं असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि टी. मोबाइलवर मधलंच एक अक्षर दुरुस्त करायचं असेल तर बोटानं तिथे टोचत बसू नका, स्पेसबार दाबून धरा आणि बोट सरकवा. लांबलचक यादीत आपलं नाव शोधायला डोळे फोडू नका, कंट्रोल आणि एफ. युक्त्या खरोखरच उपयोगाच्या असत, हे आज मी कबूल करते. त्रास त्या ‘कळवा’चा होता. कारण कुणी कळवलं नाही तर आत्या फोन करत. माझ्या मोठ्या दिरांना त्यांनी एकदा मुंजीच्या गर्दीत गाठलं आणि बटूच्या डोक्यावर अक्षता पडत असताना विचारलं, “काय रे, स्पेसबार दाबून पाहिलास का?” दीर म्हणाले, “हो आत्या.” त्यावर आत्यांनी पर्समधून स्वतःचा मोबाइल काढून त्यांच्यापुढे धरला. म्हणाल्या, “दाखव.”

माउसवर त्यांचा विशेष राग. कुणी माउसकडे हात नेला की त्या म्हणत, “त्या उंदराला कशाला गोंजारतेस? हात कीबोर्डवर ठेव. जेवताना आपण दर घासाला ताटावरून उठतो का?” दुसरा राग पासवर्डात जन्मतारीख घालणाऱ्यांवर. पासवर्ड कसा असावा? तर एकमेकांना ओळख न दाखवणाऱ्या चार वस्तूंचा. उदाहरणार्थ खलबत्ता, विमान, मोगरा, पंक्चर. हे उदाहरण त्यांनी इतक्या जणांना दिलं की घरातल्या निदान सहा जणांचा पासवर्ड तोच झाला. ते कळल्यावर त्या दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत.

बाहेरचं जगही त्यांच्या तावडीतून सुटलेलं नव्हतं. नया नगरमधल्या एका झेरॉक्सवाल्याकडे त्या एकदा आधार कार्डाची प्रत काढायला गेल्या आणि त्याच्या संगणकाच्या पडद्यावर गावभरच्या लोकांची कार्डं पसरलेली पाहून तिथेच उभ्या राहिल्या. “भैया, ये सब डिलीट करो.” त्यानं केलं. “अब कचरे के डब्बे में से भी डिलीट करो.” तो म्हणाला, “मॅडम, पीछे लाइन लगी है.” आत्या मागे वळल्या आणि रांगेला म्हणाल्या, “आप लोगों का ही कार्ड है इसमें.” मग रांगच त्याच्यावर ओरडायला लागली. त्यानंतर आत्या दुकानात शिरल्या रे शिरल्या की तो हात वर करून सांगे, “मॅडम, सब साफ है, कसम से.”

समुद्रकाठच्या पालीहून आमच्याकडे मासे घेऊन येणाऱ्या मावशी स्वतः स्कूटर चालवत येतात. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून आत्यांनी त्यांना बोलून लिहायला शिकवलं : माइकचं चित्र दाबायचं आणि बोलायचं, मोबाइल आपोआप लिहून घेतो. पहिल्याच दिवशी मावशींनी सगळ्या गिऱ्हाइकांना निरोप धाडला. तो असा आला : ‘आज ओले मोबाइल आहेत, एकदम ताजे.’ तीन जणांनी चौकशी केली, एकानं कुठल्या कंपनीचे म्हणून विचारलं. आत्यांनी मग त्यांच्याकडून आठवडाभर ‘बोंबील’ म्हणण्याची तालीम करून घेतली.

त्यांचं हे वेड मला एकदाच फार मोठं वाटलं. आमचे एक नातेवाईक गेले. आम्ही भेटायला गेलो तेव्हा बायका त्यांच्या पत्नीभोवती बसून होत्या आणि आतल्या खोलीत त्यांची मुलगी लॅपटॉपसमोर रडत होती. पेन्शनच्या अर्जाला वडिलांच्या मृत्यूचा दाखला जोडायचा होता आणि ती साइट दोनशे केबीच्या वरची फाइल घेत नव्हती. आत्यांनी तिला बाजूला सरकवलं. फाइल लहान करून देणारी एक साइट उघडली, मग जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “नको. बाबांचा दाखला असा परक्याच्या घरी पाठवायचा नाही. इथल्या इथे करू.” आणि लॅपटॉपमधल्याच कसल्याशा सोयीनं त्यांनी ती फाइल दहा मिनिटांत बसवली. ठोकाठोकीचा आवाज बाहेर येत होता. कुणीतरी नाक मुरडलं. पण निघताना त्यांच्या पत्नीनं हात धरला तो आत्यांचाच.

एवढं सगळं पाहूनही मी जे केलं ते केलं.

मी घरून काम करते. एका संध्याकाळी आमच्या साहेबांसोबत ऑनलाइन मीटिंग चालू होती. आत्या कोथिंबीर द्यायला आल्या, माझ्या खांद्यावरून पडद्याकडे वाकल्या आणि साहेबांना म्हणाल्या, “अहो, तुमचा आवाज फाटतोय. माइक तोंडापासून चार बोटं लांब धरा.” साहेबांनी धरला. आवाज सुधारला. ते हसलेही. पण नंतर ऑफिसातल्या दोघींनी मला चिडवलं, आणि मला ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. पावणेसातला युक्ती आली. मी धुसफुसत डबे भरले. आम्हा जावा-नणंदांचा चौघींचा एक वेगळा ग्रुप होता, आत्यांना वगळून. त्यावर टाकायला म्हणून मी दहाच्या सुमाराला लिहिलं : ‘आजची युक्ती. ज्यांना नवरा नाही, मुलंबाळं नाहीत, त्यांना एक कीबोर्ड आणून द्या. बाकीच्या घरादाराचा जीव घ्यायला तेवढा पुरतो. करून पाहा आणि कळवा.’

ते गेलं मोठ्या ग्रुपवर.

अर्ध्या मिनिटात माझ्या लक्षात आलं आणि मी ते सगळ्यांसाठी पुसून टाकलं. कुणी पाहिल्याची खूण दिसत नव्हती. धाकट्या जावेनं फक्त विचारलं, काय गं पुसलंस? मी लिहिलं, चुकून फोटो गेला होता.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला काही आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ग्रुपवर हळूहळू गुलाबाची फुलं आणि सुप्रभात सुरू झालं. नवल म्हणजे कुणी विचारलंच नाही. दिरांना तर सुटल्यासारखं झालं असावं. पुढच्या रविवारी मी अळूवड्या घेऊन आत्यांकडे गेले. त्यांनी चहा केला, नेहमीसारख्या गप्पा मारल्या, पण बोलण्यात संगणक नव्हता. शेवटी मीच म्हटलं, “आत्या, युक्त्या बंद केल्यात?”

“संपल्या गं. किती दिवस पुरणार?”

“मागच्या आठवड्यात शुक्रवारी माझ्याकडून ग्रुपवर काहीतरी भलतंच गेलं होतं. मी लगेच पुसलं.”

“असं? मी पाहिलंच नाही,” आत्या म्हणाल्या आणि अळूवडीची ताटली माझ्याकडे सरकवली. “खा ना. छान झाल्यात.”

मला इतकं हलकं वाटलं की मी चार वड्या खाल्ल्या. त्या दिवशी चहा ओतताना तो कपाबाहेर बशीत गेला होता, माझ्याकडे बघताना त्या मान तिरकी करत होत्या, भर दुपारी दोन दिवे लागलेले होते. हे सगळं मला दिसलं होतं. त्याचा विचार करावा असं काही वाटलं नाही.

पाच-सहा महिने गेले. एकदा पालीच्या मावशी दारात सुरमई कापून देत होत्या. मी सहज म्हटलं, “आत्या हल्ली कुणाला काही शिकवत नाहीत, नाही?”

मावशींनी कोयता थांबवला. “तू बोलतेस ह्ये, बाय?”

“म्हणजे?”

“त्या शुक्करवारी मी तिच्याच घरात व्हती. वट्यावर मासली साफ करत व्हती. तिच्या फोनमंदली बाई बोलली, मोठ्यानं. तुजं नाव घेतलन आन् बोलली, ज्यास्नी नवरा न्हाय, पोरं न्हाय...”

मला काही कळेना. “फोनमधली बाई?”

“आता तिला दिसत न्हाय ना. समोरचा सगला धूर-धूर दिसतो. मंग त्या बाईला लावलाय. कुनाचा काय बी आला की ती वाचते.” मावशींनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. “तुमाला घरात कुनाला म्हायत न्हाय?”

कुणालाच माहीत नव्हतं. आत्यांना डोळ्यांच्या मागच्या पडद्याचा विकार होता; मधलं दिसेनासं होतं, फक्त कडेचं थोडं दिसत राहतं. डॉक्टरांनी वर्षभरापूर्वीच सांगितलं होतं. शेवटचे कित्येक महिने त्या युक्त्या त्यांनी अंदाजानं, बोटांच्या सवयीवर लिहिल्या होत्या आणि मोबाइलकडून वाचून घेऊन तपासल्या होत्या. त्यांत शुद्धलेखनाची एकही चूक आम्हाला कधी सापडली नाही.

“मग?” मी विचारलं. “आत्या काय म्हणाल्या?”

“हसली. बोलली, आमची सून लिवते मातुर झ्याक. मंग फोन पालथा ठेवलन. माजे हातातला पापलेट तसाच ऱ्हायला.”

त्या दुपारी मी आत्यांकडे गेले. दार उघडंच होतं. त्या खिडकीशी बसल्या होत्या, मोबाइल कानाशी धरलेला. मी त्यांच्या पायाशी बसले आणि जे तोंडाला आलं ते बोलत सुटले. मीटिंगचं, रागाचं, चुकीच्या ग्रुपचं. मध्येच माझ्या लक्षात आलं की मी चुकीच्या ग्रुपची माफी मागते आहे, लिहिल्याची नाही.

आत्यांनी माझं डोकं चाचपलं. “पुसलंस ना तू? अर्ध्या मिनिटात पुसलंस. मी मोजलं. पुष्कळांना पुसावंसंही वाटत नाही.”

“पण तुम्ही मला तेव्हा का नाही सांगितलंत?”

“काय सांगायचं? तुला वाईट वाटलं असतं, मला वाटलंच होतं. एकीला वाटलं तेवढं पुरे.” मग जरा थांबून त्या म्हणाल्या, “आणि खोटं काय होतं गं त्यात? नवरा नाही, मुलं नाहीत, कीबोर्ड आहे. फक्त जीव घ्यायचा माझा विचार नव्हता. मला वाटायचं, तुमचा थोडा वेळ वाचेल.”

युक्त्या त्यांनी पुन्हा सुरू केल्या नाहीत. मी ग्रुपवर सगळं कबूल केलं, दिरांनी स्वतः फोन करून गळ घातली, जावांनी रडून घेतलं. आत्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, आणि नाही म्हणाल्या. “पूर्वी पडदा बघून सांगायचे. आता आठवून सांगावं लागेल. चुकीचं सांगितलं तर कुणाचं तरी काम अडायचं.”

आता दर बुधवारी दुपारी मी त्यांच्याकडे जाते. कीबोर्डसमोर मी बसते, त्या माझ्यामागे खुर्ची घेतात. लाइट बिल भरायचं असतं, कचेरीतल्या जुन्या मैत्रिणीला पत्र लिहायचं असतं, नाहीतर नुसतंच काहीतरी शोधायचं असतं. माझा हात माउसकडे गेला की त्यांना आवाजावरून कळतं. तिथून पुढे सगळ्या सूचना त्यांच्या. “वर डावीकडे बघ, तीन आडव्या रेघा आहेत. त्या दाब. खाली ये. चौथी ओळ. सेटिंग्ज.”

त्या तीन रेघा तिथे आता नसतात. साइटवाल्यांनी सगळं कधीच हलवलेलं असतं. चौथ्या ओळीत भलतंच काही असतं, कधी ओळीच नसतात. मी आवाज न करता पडदा वर-खाली करते, उजवीकडे, तळाशी, कुठल्या तरी कोपऱ्यात ती गोष्ट शोधत राहते. आत्या मागे वाट पाहत असतात, मान तिरकी, हात मांडीवर.

“सापडलं का गं?”

“सापडलं, आत्या.”

“चौथीच ओळ ना?”

“चौथीच.”