अर्धी तपासलेली होडी

माझ्यासारख्याने कुणाविषयी लिहायला बसावे, हे मलाच धाडसाचे वाटते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचे तोंड पाहिले नव्हते. साधे पत्र लिहायचे तरी वडील शाळेतल्या गुरुजींकडे जात. तेव्हा चुकले तर सांभाळून घ्यावे. पण ज्या माणसाला साऱ्या गल्लीने येडा म्हटले, त्याच्याबद्दल निदान एकाने सरळ लिहायला हवे, आणि ते कोणी लिहिले नाही याचा मला अजून राग आहे. लातुरातून समुद्र गाठायला आख्खा दिवस एस.टी.त घालवावा लागतो. तरी आमच्या घरमालकांनी भर समुद्रात न्यायच्या छोट्या होडीचा जेवढा विचार केला, तेवढा किनाऱ्यावरच्या माणसांनीही केला नसेल, असे माझे प्रामाणिक मत आहे.

ते पाण्याच्या लोखंडी टाक्या बनवीत. सगळे त्यांना अप्पा म्हणत. कारखान्याच्या माडीवरची खोली त्यांनी मला भाड्याने दिली होती. मी किनवटकडचा, म्हणून चार वर्षांत त्यांनी माझे नाव घेतले नाही. "किनवट, खाली ये" एवढेच. राग हा त्यांचा कायमचा पोशाख होता. कपाळावर भस्म, हातात हातोडी आणि नाकावर राग. पातळ पत्रा पाठवणाऱ्यावर राग, वाकड्या खिळ्यावर राग, चहात साखर कमी पडली तर राग आणि जास्त पडली तर अधिक राग. लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता, कचेऱ्यांवर नवे फलक लागत होते, आणि पाऊस मात्र दोन वर्षे फिरकला नव्हता. अप्पा प्रत्येक फलकासमोर थांबून तो नीट वाचत आणि म्हणत, "जिल्हा झाला म्हनं. नळाला सांगितलं का कुनी?"

होडीचे खूळ मुंबईच्या भंगारातून आले. पिंपांच्या एका खेपेत शिडाच्या होड्यांच्या विलायती मासिकांचा गठ्ठा निघाला. चित्रे अप्पांनी आधीच पाठ केली होती. मजकूर वाचून दाखवणे हे माझे काम ठरले. शब्दकोश मांडीवर घेऊन मी अडखळत वाचायचो आणि ते प्रत्येक होडीला झापायचे. एक होडी फायबरची निघाली. "प्लास्टिकच्या घागरीत बसून कुनी आफ्रिकेला जातंय का?" दुसरीच्या पोटाखालचा जड कणा बोल्टांनी जोडलेला होता. "चाळीस वर्षं गळती शोधतोय मी. गळती बोल्टापाशीच असती. कना अंगातूनच आलेला पायजे, पुढून मागंपर्यंत." तिसरी मला फार आवडली होती, पण तिच्यात दीडशे लिटर पिण्याचे पाणी मावत होते. अप्पा पाटावरून उठलेच. "दीडशे? लिही त्याला. म्हनावं, लाज वाटू दे. महिनाभर वारा पडला तर मानूस काय शीड चाटत बसंल?" त्या होडीचा नकाशा काढणाऱ्याला मी लिहिले, 'आपल्या टाकीविषयी नम्रपणे विचारावेसे वाटते.' हे त्यांना कधी कळले नाही, याचीही मला आता लाज वाटते.

त्यांच्या पत्नी, अक्का, ज्वारी निवडता निवडता ऐकत असत. "समिंदरात जाऊन काय खानार? पत्रा?"

"साठीच्या आत एकदा चारी बाजूनं पानी बगायचंय," अप्पा म्हणाले. हे वाक्य ते रागाशिवाय म्हणाले, म्हणून माझ्या लक्षात राहिले. तेव्हा त्यांना सत्तावन्न होते.

पाच महिन्यांनी त्या म्हाताऱ्या विलायती नकाशेवाल्याचे उत्तर आले, सोबत दुसऱ्या होडीचा नकाशा. अठ्ठावीस फूट, पोलादी, लांब कण्याची, एकट्याला हाकता येईल अशी. आणि कण्याचा पोकळ भागच पाण्याची टाकी करता येईल, असे त्याने सुचवले होते. अप्पांनी मला ती ओळ तीनदा वाचायला लावली. "किनवट, ह्यो मानूस दुष्काळात वाढलेला हाय," ते म्हणाले. होडी ठरली.

वर्षभरात अंगणात, रेल्वेच्या जुन्या लाकडी ओंडक्यांवर, होडीचे उघडे पोट उभे राहिले. आतून टाकीला लावतात तोच रंग दिला. आता वरचे झाकायचे, डोलकाठी लावायची आणि ट्रकने रत्नागिरी. पण त्याआधी तपासणी. अप्पांचा नियम असा, की टाकी पूर्ण भरायची, बाहेरून सांध्यांना चुना फासायचा आणि एक दिवस, एक रात्र थांबायचे. चुना ओला झाला नाही तरच गिऱ्हाइकाला द्यायची. होडी पाण्यात सोडूनही बघता येते, असे मी मासिकातून वाचून दाखवले. "बाहेरनं पानी लावायला आनू कुठून? लातूर हाय हे."

आतून लावायलाही पाणी नव्हते. मग गल्लीत टँकर सुरू झाला. पहिल्याच दिवशी घागरींवरून डोकी फुटायची वेळ आली, निम्मे पाणी रस्त्यावर सांडले. अप्पा हातोडी घेऊन बाहेर आले आणि ड्रायव्हरवर ओरडले, "वत सगळं होडीत. उपकार न्हाई, मला गळती बगायचीय."

होडी अर्धी भरली. अप्पांनी चुना फासला, आणि चुना वाळायच्या आत बायांनी घागरी बुडवल्या. ते दिवसभर काठाशी उभे राहून खेकसत होते, "रंग खरडू नगा. रांगेत या. ए बाई, ती कळशी हाय का हौद?" पण अडवले कोणालाच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा टँकर, पुन्हा अर्धी होडी, पुन्हा रिकामी. असे दोन उन्हाळे. "खालची अर्धी पास झाली," ते मला सांगत. "वरची ऱ्हायली." त्यांच्याच पाण्याने अंघोळ करून माणसे चहाच्या टपरीवर हसत, अप्पा ज्वारीत जहाज चालवनार म्हणून. मी तिथेच बसून चहा पीत असे.

पुढे मला नांदेडला नोकरी लागली. निघताना पाया पडलो तर ते म्हणाले, "जा. विष्णुपुरीचं धरन बग. किती भरलं ते कळव." मी एकदा कळवले, नंतर राहून गेले.

अक्कांचे कार्ड मला परवा मिळाले. माझ्या जुन्या पत्त्यावर जाऊन ते महिनाभर हिंडले होते. अक्षर शेजारच्या मुलीचे, बोलणे त्यांचे. 'अप्पा श्रावणात गेले. साठीला दोन महिने होते. आश्विनात लई पाऊस झाला. पत्र्याची पन्हळ मी होडीत सोडली. काठोकाठ भरली. गल्लीला सांगितलं, एक दिवस एक रात्र कुनी घागर लावायची न्हाई. कुनी लावली न्हाई. चुना मीच फासला. सकाळी हात फिरवून बघितला. कोरडा हाय. त्यांना सांगायचं होतं, म्हनून तुला कळवलं.'