डाव्या बाजूच्या फटी

छापखान्यात त्यांना सगळे कानामात्रा म्हणत. चौतीस वर्षं मुद्रितं तपासून त्यांची नजर अशी झाली होती की लग्नपत्रिका हातात आली तरी आधी चूक सापडायची, मग तारीख. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी लाकडी जहाज बांधायचा संच भेट दिला, तेव्हाही त्यांच्या मनात पाल चुकचुकलीच. "मी परत छापखान्यात डोकावू नये म्हणून हे खेळणं दिलंय," असं त्यांनी घरी येऊन बायकोला सांगितलं.

पण खेळण्याने माणसाला धरलं. आठ महिने मागच्या खोलीत बसून त्यांनी कण्यावर फासळ्या उभ्या केल्या. बोटभर रुंदीच्या पातळ पट्ट्या पाण्यात भिजवून, वाकवून, एकेक करून त्यांवर चिकटवल्या. शेवटची पट्टी बसली त्या दिवशी ते स्वतःवर इतके खूश होते की त्यांनी शेजाऱ्याच्या नव्या पाटीतली चूकही सोडून दिली. आता उरलं होतं ते घासकाम. उजवी बाजू त्यांनी दोन दिवसांत घासली आणि डावी सोमवारवर ठेवली.

सोमवारी पाहतात तर डावी बाजू आधीच घासलेली. मधोमध हात फिरवला तर मऊसूत.

कुठेतरी पाणी मुरत होतं.

"खोलीत कोण गेलं होतं?" त्यांनी विचारलं.

"मी. केर काढायला," बायको म्हणाली. "आता त्यालाही परवानगी काढू का?"

उत्तर जरा जास्तच पटकन आलं, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाताना त्यांनी खोलीच्या दाराला खालच्या अंगाला दोरा लावला. चार ते सहा ही त्यांची वाचनालयाची वेळ ठरलेली. परतले तेव्हा दोरा तुटलेला आणि मोरीत दोन कप. बायको दुपारी एकटी दोन कप चहा कधीच घेत नसे.

तिसऱ्या दिवशी ते कोपऱ्यापर्यंत गेले आणि माघारी फिरले. मागच्या दाराशी, चपलांच्या फळीमागे मोठ्या मापाचे बूट लपवलेले होते, टाचेवर पॉलिशचे डाग. त्यांनी ओळखलं. बायकोचा धाकटा भाऊ लाकडाला पॉलिश करायचा धंदा करी. सहा वर्षांपूर्वी कानामात्रांनी गिऱ्हाइकांसमोर त्याच्या पावतीपुस्तकातलं अशुद्ध लेखन वाचून दाखवलं होतं, तेव्हापासून त्याने या घराची पायरी चढली नव्हती.

त्यांनी खोलीचं दार ढकललं. मेहुणा जहाज मांडीवर घेऊन बसला होता आणि बायको टेबलाचा दिवा धरून उभी होती.

"सूड घेतोयस?" कानामात्रा ओरडले. "माझं जहाज बिघडवून?"

"भाऊजी, बिघडलेलं सांधतोय," मेहुणा म्हणाला. "मागच्या टोकाजवळ पट्ट्यांमध्ये अजून फटी उरल्यात. नख अडेल एवढ्या."

"फटी? माझ्या कामात? दाखव!"

मेहुण्याने जहाज पुढे केलं. त्यांनी ते उजेडात धरलं, फिरवलं. एकही फट दिसेना. "खोटं बोलतोस."

"डोळे मिटा आणि बोट फिरवा."

वाद मिटावा म्हणून त्यांनी डोळे मिटले. बोट पट्टीवरून सरकलं आणि अडकलं. पुढे सरकलं, पुन्हा अडकलं. त्यांनी डोळे उघडले. तिथे काहीच दिसेना. मग, कोण जाणे का, त्यांनी उजवा डोळा हाताने झाकला. जहाज, मेहुणा, दिवा, सगळं धुक्यात गेलं.

ते खुर्चीवर बसले.

"सहा महिने बघतेय," बायको हळूच म्हणाली. "चहा कपाबाहेर ओतता. डॉक्टरांकडे चला म्हटलं की म्हणता, त्यांना गिऱ्हाईक हवंय. आणि फटींचं सांगितलं असतं तर तुम्ही जहाज माळ्यावर टाकलं असतं."

हे मात्र खरं होतं. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांवर बोट ठेवलं, त्याला स्वतःची चूक दुसऱ्याने बोट धरून दाखवावी!

"बाकीच्या फटींत काय भरलंस?" शेवटी त्यांनी विचारलं.

"याच लाकडाचा भुसा आणि सरस."

"रंग मिळेल?"

"मिळालाय. म्हणून तर भरलेलं तुम्हाला दिसलं नाही."

"मला दिसलं नाही ते मोतीबिंदूमुळे असेल," कानामात्रा म्हणाले. "उगाच श्रेय घेऊ नकोस."

बायको इतकी हसली की दिवा हलला.

मोतीबिंदूच निघाला. पहिल्या डॉक्टरवर विश्वास नव्हता म्हणून त्यांनी दुसऱ्याला दाखवलं. तोही तेच म्हणाला तेव्हा दोघे एकमेकांना सामील असतील, असा दोन दिवस संशय घेतला आणि मग ऑपरेशनची तारीख घेतली. तोवर घासकाम थांबलं नाही. कानामात्रा डोळे मिटून उंचवटे शोधत, "इथे," म्हणत. मेहुणा तिथे बारीक घासकागद फिरवी. पावतीपुस्तकाचा विषय कोणी काढला नाही, पण एका दुपारी कानामात्रा खाली मान घालून म्हणाले, "तेव्हा चारचौघांत वाचायला नको होतं." मेहुण्याने फक्त फुंकर मारून भुसा उडवला.

डोळ्यावरची पट्टी निघाली त्या आठवड्यात त्यांनी जहाजाला पॉलिशचा पहिला हात दिला. लाकूड मधासारखं उजळलं. कानामात्रांनी ते नव्या डोळ्याने टोकापासून टोकापर्यंत पाहिलं आणि मेहुण्याला म्हणाले, "डोलकाठ्या बाकी आहेत. उद्या ये. पुढच्या दाराने."