पेढ्यांच्या खोक्यातली हार्ड डिस्क

देवीची पूजा करताना देवीचीच गाणी नाहीशी झाली, तर माणसानं तक्रार कुणाकडे करायची? बोईसरच्या माझ्या लहानशा दुकानात, खंडेनवमीच्या सकाळी, डोक्यात झेंडूच्या पाकळ्या अडकलेल्या अवस्थेत मी हाच प्रश्न घेऊन उभा होतो. पायाशी हार्ड डिस्कचा काळा डबा पडला होता आणि त्याच्या शेजारी, अगदी निर्दोष चेहऱ्याचा, एक नारळ.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कारखान्यातली नोकरी सोडून मी कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून द्यायचा धंदा सुरू केला होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, कारखान्यांची माहितीपत्रकं. कॉम्प्युटरच्या पोटात जागा कमी, म्हणून बाहेरून वायरीनं जोडायची एक हार्ड डिस्क घेतली होती. विटेएवढी आणि विटेइतकीच जड. काम पुरं झालं की तिला पिशवीत घालून पालघरच्या छापखान्यात न्यायचं. मी तिचा तोरा असा मिरवायचो, की गल्लीत कुणाला वाटावं या माणसानं अणुभट्टीच काखोटीला मारली आहे.

त्या वर्षी तिच्यात नवापूरच्या जयवंतीबाईंची गाणी होती. गावदेवीच्या जागराला रात्रभर म्हणायची गाणी, आईकडून मुलीकडे तोंडीच आलेली. जयवंतीबाईंना मुलगी नव्हती. सून होती, मंदा, पण ती बोईसरच्या बाजारात मासळी विकायची आणि तिला गाण्यासाठी सवड नव्हती. म्हातारी पावसाळाभर, मासेमारी बंद असताना, मंदाबरोबर दुकानात यायची आणि खुर्चीवर मांडी घालून गायची. मी ऐकत ऐकत थेट टाइप करायचो. कागद मध्ये आलाच नाही. "माज्या मागं देवीला उपाशी ठेवू नका," एवढंच तिचं म्हणणं. कोजागिरीला पुस्तक देवीच्या ओटीत घालायचं ठरलं होतं.

गाणी संपली आणि भादव्यात जयवंतीबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, वाचा गेली. म्हणजे आता ती गाणी जगात एकाच ठिकाणी उरली होती, माझ्या काळ्या डब्यात.

खंडेनवमीला आमच्या औद्योगिक वसाहतीत झाडून सगळ्या यंत्रांच्या गळ्यात झेंडू पडतो. माझ्या सासूबाई घाटावरच्या. यंत्राची पूजा म्हटली की त्यांच्या अंगात उत्साह संचारतो. कॉम्प्युटरला हळदकुंकू झालं, कीबोर्डला अक्षता झाल्या. मग त्यांनी विचारलं, "यात सगळ्यात महत्त्वाचं काय?" मी छाती फुगवून काळा डबा दाखवला. त्यांनी तो चालू असतानाच पाटावर घेतला आणि मान म्हणून त्याच्यावर नारळ उभा केला. आरती सुरू झाली. टाळ्यांच्या तिसऱ्या ठेक्याला नारळ घरंगळला, वायर ओढली गेली आणि डबा पाटावरून थेट फरशीवर. परत लावला, तेव्हा आतून एकच आवाज येत होता. टक्. टक्. टक्. बंद दाराच्या आतून कुणी वाजवावं तसा.

"देवीनंच पाडला," सासूबाई म्हणाल्या. पण त्या दिवसापासून त्यांनी चहातली साखर सोडली. गाणी परत आल्याशिवाय घेणार नाही म्हणाल्या.

बोईसरच्या दुरुस्तीवाल्यानं डबा कानाला लावला आणि मान हलवली. मुंबईचा एक जाणकार म्हणाला, "भाईसाब, अब इसको भूल जाओ." मी विसरायला तयार होतो, पण जयवंतीबाईंना काय सांगायचं? जिची वाचा गेली तिला, तुमची गाणीही गेली, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? एरवी माझ्या तोंडाला विश्रांती नसते. त्या दोन-तीन दिवसांत मी घरी इतका गप्प होतो, की बायकोनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

शेवटी एका दुपारी मी नवापूरला निघालो. टमटममध्ये डबा आपटू नये म्हणून बायकोनं तो प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळला आणि दसऱ्याच्या पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात बसवून वर सुतळी बांधली. आता आपटून आणखी काय मोडणार होतं, पण ती म्हणाली, "आजाऱ्याला नेताना माणूस हळूच नेतो ना?"

जयवंतीबाईंच्या दारापर्यंत गेलो. ओट्यावर सुकट वाळत होती, आत म्हातारी झोपली होती. उंबऱ्यावरूनच मी मागे फिरलो आणि समोरच्या गावदेवीच्या देवळात शिरलो. एरवी देवापुढे मी नाटकातल्यासारखी भाषणं करतो. त्या दिवशी एकच वाक्य निघालं, "बाई, गाणी तुझी, नारळही तुझाच, आता तूच बघ." खोकं पायाशी ठेवलं आणि बाहेर पडलो. ही भक्ती होती असं म्हणायला जीभ धजत नाही. मी पळून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दारात मासळीच्या टोपलीसकट मंदा उभी.

"काय ओ भाऊ, देवीची मस्करी करता?" तिनं टोपली खाली आपटली. "आवो, सांजच्याला दिवा लावाय गेले, तं देवीपुढं पेढं. सासू झोपलेली, म्हनलं सकाळी बाजारात समद्यांना परसाद वाटू. मुंग्या लागतील म्हनून बर्फाच्या पेटीत ठेवलं, पापलेटांच्या मधी. आता बाजारात खोकं सोडलं, बाया हात पसरून बसल्यात, आन् आत काय? ह्यो तुमचा काळा डबा! लाज गेली ना माजी!"

सासूबाई मागून पुढे आल्या. "देवीपुढचं मासळीत ठेवलंस?"

"आजी, आमची देवी दर्यावरची हाय. तिला काय मासळीचा वास येतो?"

मी हसलो आणि पुढच्याच क्षणी मला रडू फुटलं. दुकानात, गिऱ्हाईकाच्या खुर्चीत बसून, मी मंदाला सगळं सांगून टाकलं. ती टोपलीशेजारी खाली टेकली. मग हळू आवाजात म्हणाली, "सासू रोज हातानं इचारते, पुस्तक कवा. मी काय सांगू तिला?"

तेव्हा बायको म्हणाली, "अहो, एकदा लावून तर बघा. डिस्क देवीच्या पायाशी राहून आली आहे."

पिशवी सोडली. आत डबा कोरडा होता, पण हाताला चटका बसावा इतका गार. वायर जोडली, बटण दाबलं. डोळे मिटले. टक् ऐकू यायची वाट पाहत राहिलो. टक् आलंच नाही. आली एक बारीक, सलग घरघर. डोळे उघडले तर पडद्यावर नावं होती. जागर. ओटी. दर्याची विनवणी.

मी फाइली कॉम्प्युटरमध्ये उतरवायला घेतल्या. आधी तिथल्या लग्नपत्रिका धडाधड पुसल्या, कुणाकुणाची लग्नं त्यात होती देव जाणे. अर्ध्यावर आलो आणि डबा एकदा अडखळला. हात लावला तर तो कोमट होत चालला होता.

"मंदाताई, बर्फ!"

कारण तिनं विचारलंच नाही. टोपलीतला बर्फ ओंजळीनं प्लास्टिकच्या पिशवीत भरला, गाठ मारली आणि डब्याला वरून-खालून तापातल्या पोराला घालतात तशा पट्ट्या घातल्या. सासूबाई, ज्या मासळीच्या गल्लीतून नाकाला पदर लावून जात, त्या पापलेटांच्या बर्फाची पिशवी दोन्ही हातांनी धरून देवीचं नाव घेत बसल्या. टेबलावरून पाणी ओघळत होतं, बायको पुसत होती, दारात एक गिऱ्हाईक तोंड उघडं टाकून पाहत होतं. शेवटचं गाणं उतरलं. मी ते उघडून पाहिलं, अक्षर न् अक्षर जागेवर होतं. त्यानंतर थोड्याच वेळात डब्यात पुन्हा टक् टक् सुरू झालं आणि तो जो थांबला तो कायमचा.

"आता चहा टाक," सासूबाई बायकोला म्हणाल्या. "साखर घालून."

पुढे कुणीतरी मला समजावलं, की गारठ्यानं धातू आकसतो, अडकलेला भाग कधीकधी सुटतो. असेलही. मी वाद घालत नाही. पण ते खोकं पेढ्यांचंच का होतं, मुंग्यांची भीती मंदाला त्याच सांजेला का वाटली, हे मला धातूवरून उलगडत नाही, आणि उलगडावं अशी हौसही नाही.

पालघरचा छापखाना रात्रभर जागला, म्हणून कोजागिरीला पुस्तक देवीच्या ओटीत घातलं आणि मग जयवंतीबाईंच्या मांडीवर ठेवलं. ती उजव्या हातानं अक्षरांवरून बोट फिरवत राहिली, जसा मासळीचा ताजेपणा पारखावा. मी उत्साहानं पहिलं गाणं म्हणायला घेतलं. पहिल्याच ओळीत म्हातारीनं माझ्या तोंडावर तळवा ठेवला. ओट्यावरच्या बाया खो खो हसल्या. मग मंदानंच, पुस्तकात पाहून, चाचरत सुरुवात केली. जयवंतीबाईंचा हात माझ्या तोंडावरून निघाला, मंदाच्या गुडघ्यावर गेला आणि तिथं ठेका धरू लागला. तिचे ओठ आवाजाशिवाय सुनेच्या पुढे एक शब्द धावत होते.

मी पाहत राहिलो. शरण जाणं म्हणजे काही मोठं, धीराचं काम असतं असं मला वाटायचं. मी तर घाबरून, पाठ फिरवून, एक ओझं टाकून आलो होतो. पळताना मी जे टाकलं, ते देवीनं अर्पण समजून पदरात घेतलं. एवढी उदार आई असेल तर माणसानं आणखी किती दिवस एकट्यानं ओझी वाहायची?

आता हाताबाहेरचं काही असलं की मी ते तिच्या पायाशी ठेवतो आणि मागे न बघता निघून येतो. बायकोची एकच सूचना असते. "ठेवा खुशाल," ती म्हणते, "पण पेढ्यांच्या खोक्यात ठेवा."