आईच्या यंत्रातले आकडे

गल्लीत त्याला सगळे पैलवान म्हणत, आणि कुस्ती तर तो जन्मात खेळला नव्हता. तो व्यायामशाळेत शिकवायचा. दारावर त्याचाच फोटो होता, दंड फुगवलेला, सात वर्षांपूर्वीचा. नवा माणूस आधी फोटोकडे बघे, मग त्याच्याकडे, आणि मगच नाव नोंदवी. "लोक मशिनी बघून येत नाहीत, तुला बघून येतात," मालक प्रेमाने म्हणे. असलं प्रेम मानेवर येऊन बसतं आणि उतरायचं नाव घेत नाही.

चाळिशी आली तसा दंड ऐकेनासा झाला. मग ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं सुरू झाली. रोज सकाळी पोटाला एक सुई. बाटल्या फ्रीजच्या दारात, वरच्या कप्प्यात. आईला सांगितलं, ताकदीचं औषध आहे, हात लावू नकोस, गरम झालं की वाया जातं. आईने मान डोलावली.

दंड ऐकू लागला, पण रक्तातली साखर वर चढली. या इंजेक्शनाची ही खोड व्यायामशाळेत सगळ्यांना ठाऊक होती, आणि त्यावरचा उताराही: मधुमेहाची मेटफॉर्मिन. आईची तीच गोळी चालू होती, तेव्हा तिच्याच चिठ्ठीवर तो दोन पाकिटं जास्त आणू लागला. तेवढ्यात कुणीतरी कानात सांगितलं की ही गोळी साखर उतरवते तशी कमावलेली वाढही खाते. खरंखोटं कोण जाणे, पण पैलवानाचं धाबं दणाणलं. गोळी घेतली की आरशात दंड बारीक दिसे, सोडली की घशाला कोरड पडे. म्हणून तो गोळी घेई आणि इंजेक्शन थोडं वाढवी. इंजेक्शन वाढलं की साखर वाढे, की पुन्हा गोळी. घाण्याचा बैल तरी संध्याकाळी सुटतो.

साखर बघायचं यंत्रही आईचंच. ती फक्त रविवारी तपासायची. बाकीच्या दिवशी, आई आंघोळीला गेली की, तो बोट टोचून आकडा बघे आणि वापरलेली पट्टी कागदात गुंडाळून खिशात घाली. दोनशे दहा. दोनशे चाळीस. यंत्र जुने आकडे साठवून ठेवतं, हे एवढ्या मोठ्या माणसाच्या डोक्यात एकदाही आलं नाही.

तीन महिन्यांनी आई यंत्र पिशवीत घालून डॉक्टरीणबाईंकडे गेली. तोही शेजारच्या खुर्चीत बसला होता, खुर्चीत मावत नव्हता. बाई बटण दाबत मागचे आकडे बघत गेल्या.

"मावशी, रविवारी छान असते हो तुमची साखर. इतर दिवशी काय खाता?"

"काही नाही बाई. चहासुद्धा बिनसाखरेचा."

"यंत्र कशाला खोटं बोलेल?"

आई ओशाळून हसली. त्याच क्षणी त्याने तोंड उघडायला हवं होतं. पण उघडलं तर इंजेक्शनं निघणार, इंजेक्शनं बंद तर दंड जाणार, आणि दंड गेला तर दारावरचा फोटो कुणाचा? तो पायाखालची फरशी बघत राहिला. बाईंनी आणखी एक, जोरकस गोळी लिहून दिली.

आईने केळं सोडलं, मग रात्रीचा भात सोडला. "माझंच काहीतरी चुकत असणार," ती म्हणे, आणि पैलवान ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जाई. त्याला स्वतःची किळस येई, तरी दुसऱ्या दिवशी बोट टोचायचं काही राहत नसे.

नवी गोळी सुरू झाल्यापासून नवव्या दिवशी सकाळी मोरीपाशी काहीतरी आपटलं. आई खाली पडली होती, घामाने भिजलेली, काहीतरी असंबद्ध पुटपुटत. त्याने तिचं बोट टोचलं. सेहेचाळीस. साखर पार तळाला गेली होती. शंभर किलो उचलणाऱ्या त्या हातांना साखरेचा डबा उघडेना. चमच्याचमच्याने साखरपाणी पोटात गेलं तेव्हा तिची नजर स्थिर झाली.

"चोरून काही खाल्लं नव्हतं रे मी," ती म्हणाली.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "ते आकडे माझे आहेत, आई."

मग त्याने सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि तिथेही सांगितलं. त्यांनी आईची नवी गोळी बंद केली, आणि इंजेक्शनं थांबवा म्हणून त्याला बजावलं. तो हो म्हणाला. घड्याळात साडेसहा वाजले होते, सातला वर्ग होता.

आई भिंतीला टेकून बसली होती.

"दुपारी लाईट गेली की मी त्या बाटल्यांना बर्फ लावून ठेवते," ती म्हणाली. "पिशवीत घालून, फडक्यात गुंडाळून. तुझं औषध वाया जाऊ नये म्हणून. दोन वर्षं झाली."

त्याला हे माहीतच नव्हतं.

"आज लाईट गेली तर ठेवू की नको?"

तो दारात बूट घालत होता. एका बुटाची नाडी बांधून झाली, दुसऱ्याची झाली, मग त्याने पहिलीच सोडून पुन्हा बांधायला घेतली.